वजिरापुढचं प्यादं

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की तुमसर, साकोली, लाखांदूर, पवनीकडची मुलं जिल्हास्पर्धेला उतरतात आणि जिंकली की विभागीय स्पर्धेची तयारी करू लागतात. कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या जोडीला या स्पर्धांत बुद्धिबळही असतं. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. विभाग नागपूरचा. त्यामुळे वर्धा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या खेळाडूंबरोबर खुद्द नागपूरच्या मुलांशीही गाठ पडते. आणि बुद्धिबळात नागपूर हे आता साधंसुधं नाव राहिलेलं नाही.

२०१९ साली रौनक साधवानी वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. २०२१ साली संकल्प गुप्ताने सर्बियात सलग २४ दिवसांत किताबासाठी लागणारे तिन्ही नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतल्या कामगिऱ्या, पुरे केले आणि तो देशाचा ७१वा ग्रँडमास्टर ठरला. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. त्याआधी तिच्या खात्यावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषकाने तिला तो किताब थेट मिळवून दिला आणि ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली. सहा वर्षांत एका शहराचे तीन ग्रँडमास्टर, हे विदर्भाच्या क्रीडा इतिहासातलं मोठं पान आहे.

दिव्याच्या विजयावर पुष्कळ लिहिलं गेलं. तिचं वय, आईवडिलांचे कष्ट, विमानतळावरचं स्वागत, सगळं छापून आलं. पटावर काय घडलं याबद्दल मात्र फार थोडं. कोनेरू हंपीविरुद्धच्या त्या अंतिम लढतीतल्या पहिल्या डावात पांढऱ्या मोहऱ्या दिव्याकडे होत्या आणि तिने वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. लढतीचा निकाल लावणाऱ्या शेवटच्या डावातही सुरुवात याच घराण्यातली होती, पण या खेपेला पांढऱ्या मोहऱ्या हंपीकडे होत्या. म्हणून या एका चालीकडे जरा सवडीने पाहायला हवं.

पटावरचे उभे स्तंभ ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८ अशा मोजतात. पांढरा वजीर डी स्तंभात पहिल्या ओळीत असतो. त्याच्या पुढचं प्यादं दोन घरं सरकलं की ते डी४ या घरात येतं. बुद्धिबळाच्या पुस्तकांत या चालीतून निघणाऱ्या साऱ्या डावांना मिळून वजिराच्या प्याद्याची सुरुवात म्हणतात. याची जुळी चाल म्हणजे राजापुढचं प्यादं ई४ला नेणं. नव्याने खेळ शिकणारी बहुतेक मुलं ई४च खेळतात, आणि त्याला कारण आहे. त्या एका चालीने वजीर आणि उंट दोघांच्याही वाटा मोकळ्या होतात, पहिल्या चार-पाच चालींतच शह देता येतात, समोरचा गाफील असेल तर एफ७ वरच्या नाजूक प्याद्यावर वजीर आणि उंट चालून जातात आणि चार चालींत मात होते. शाळेच्या पहिल्या फेरीत असे डाव हमखास दिसतात.

डी४ने असं काही चटकन हाती लागत नाही. मात्र या प्याद्याला पहिल्या क्षणापासून वजिराचा पाठिंबा असतो. ई४वरच्या प्याद्यामागे कोणी नसतं. काळ्याने घोडा एफ६ला आणला की त्या प्याद्याची काळजी करावी लागते. डी४वरचं प्यादं तसं उघडं पडत नाही. त्यामुळे डावाला वेगळाच वेग येतो. मोहऱ्यांची मारामारी उशिरा सुरू होते, प्यादी एकमेकांत अडकून बसतात, आणि कोणत्या बाजूला जागा जास्त, कोणतं घर कायमचं दुबळं झालं, कोणता उंट आपल्याच प्याद्यांनी कोंडला गेला, अशा गोष्टींवर डाव ठरतो. ज्याला या गोष्टी दिसतात तो पंचविसाव्या चालीला पुढे असतो. ज्याला दिसत नाहीत त्याला आपण नेमके कुठे हरलो हे डाव संपल्यावरही सांगता येत नाही.

डी४ला काळ्याने डी५ने उत्तर दिलं की पांढऱ्यासमोर एक फार जुनी चाल उभी असते: सी४. हाच तो क्वीन्स गॅम्बिट. २०२० साली त्याच नावाच्या वेबमालिकेमुळे तो घराघरांत पोहोचला, पण स्पेनच्या लुसेनाने १४९७ साली छापलेल्या पुस्तकातही तो आहे. सी४वरचं प्यादं काळ्याला फुकट मारता येतं, म्हणून त्याला गॅम्बिट म्हणायचं. खरं पाहता ते फुकट नाहीच. समजा काळ्याने मारलं, पांढरा शांतपणे ई३ खेळला, आणि काळ्याला मारलेलं प्यादं राखायचा मोह झाला म्हणून तो बी५ खेळला. पांढरा ए४ने त्या प्याद्याला धक्का देतो. काळा सी६ने आधार देतो. पांढरा ए प्याद्याने बी५वर मारतो, काळा सी प्याद्याने परत मारतो, आणि आता पांढरा वजीर एफ३ला येतो. पटावर ही स्थिती मांडून पाहावी. एफ३पासून ए८पर्यंतचा कर्ण एकदम मोकळा झालेला असतो आणि त्याच्या टोकाला काळ्याचा हत्ती उघडा बसलेला असतो. घोडा मध्ये घातला तर घोडा जातो, उंट मध्ये घातला तर उंट जातो. सहाव्या चालीला काळ्याचा एक मोहरा गेलाच.

सापळे एकाच बाजूला असतात असं मात्र नाही. क्वीन्स गॅम्बिट नाकारून काळा ई६ खेळतो, घोडे बाहेर येतात, पांढरा उंट जी५ला येऊन काळ्याच्या एफ६वरच्या घोड्याला वजिराशी जखडतो. काळा दुसरा घोडा डी७ला आणतो. पांढरा सी प्याद्याने डी५वर मारतो, काळा ई प्याद्याने परत मारतो, आणि पांढऱ्याला वाटतं की एफ६चा घोडा जखडलेला आहे, तेव्हा डी५चं प्यादं आपल्या घोड्याने खुशाल मारावं. मारलं की काळा तोच ‘जखडलेला’ घोडा उचलतो आणि पांढऱ्याचा घोडा मारतो. पांढरा आनंदाने वजीर मारतो. त्याच क्षणी काळ्याचा उंट बी४ला येऊन शह देतो, आणि हा शह झाकायला पांढऱ्याकडे स्वतःचा वजीर डी२ला आणण्यावाचून दुसरी चाल नसते. वजिराला वजीर जातो आणि हिशेबाअंती काळा एका मोहऱ्याने वरचढ राहतो. १८४८ साली बर्लिनमध्ये मायेट आणि हारविट्झ यांच्यात झालेल्या डावात हे घडलं, आणि आजही घडतं. तालुक्याच्या स्पर्धेला निघालेल्या कोणाही खेळाडूला हे दोन सापळे पाठ असले पाहिजेत. एक लावण्यासाठी, दुसरा चुकवण्यासाठी.

डी४ला काळा दरवेळी डी५नेच उत्तर देतो असं नाही. घोडा एफ६ला आणून, मधलं घर प्याद्याने न अडवता दुरूनच त्यावर नजर ठेवण्याची एक संपूर्ण पद्धत आहे. जगभर तिला इंडियन डिफेन्स म्हणतात: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. हे विशेषण कुठून आलं याची हकिगत प्रत्येक भारतीय खेळाडूला माहीत असायला हवी, कारण तिचं मूळ आपल्या देशी बुद्धिबळात आहे.

महाराष्ट्रात पारावर आणि देवळाच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या जे बुद्धिबळ खेळलं गेलं त्याचे नियम आजच्या स्पर्धेतल्या नियमांहून निराळे होते. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर साऱ्या डावात एकदा घोड्याची उडी मारता यायची. शेवटच्या ओळीत पोहोचलेलं प्यादं हवा तो मोहरा होत नसे, बहुधा ते ज्या स्तंभात पोहोचलं त्या स्तंभाचा मोहरा व्हायचं. प्यादं एकेक घर चालतं म्हटल्यावर पट सावकाश उलगडतो. समोरचा येऊन भिडायला वेळ असतो, तेवढ्यात आपली मांडणी नीट बसवता येते. जी६ला प्यादं एक घर सरकवून त्याच्या मागच्या घरात उंट बसवायचा, तिथून तो साऱ्या पटाच्या कर्णावर पहारा देतो, ही मांडणी अशा खेळात आपसूक सुचणारी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करत होता. तो त्या काळातला मोठा बुद्धिबळपटू. रजेवर लंडनला गेला तेव्हा तो हॉवर्ड स्टाँटनशी शेकडो डाव खेळला. कोलकात्यात त्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळत नव्हता. मग महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी त्याची गाठ पडली. देशी नियमांनी खेळणारे, आपल्या भागात कोणाला हार न गेलेले, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी युरोपी नियम आत्मसात केले आणि पुढची अनेक वर्षं दोघे एकमेकांशी खेळत राहिले. त्यातले शेकडो डाव कॉक्रेनने टिपून ठेवले, म्हणून ते आज आपल्यासमोर आहेत. प्यादं दोन घरं टाकण्याची मुभा मिळाली तरी बॅनर्जींचा हात एक घर टाकण्याच्या सवयीचा होता. ते पुन्हा पुन्हा जी६ खेळत, उंट जी७ला बसवत.

१८५५ सालचा त्यांचा एक डाव वजिराच्या प्याद्यानेच सुरू होतो. कॉक्रेन पांढरा: डी४. बॅनर्जी: घोडा एफ६. सी४, जी६. घोडा सी३, डी५. या तीन चालींच्या क्रमाला आज ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणतात, कारण ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली ती मोठ्या स्पर्धांत आणली. कोलकात्याचा डाव त्याच्या ६७ वर्षं आधीचा.

तो डाव बॅनर्जी हरले, आणि कसे हरले ते पाहण्यासारखं आहे. मांडणी सुरेख झाली होती, मधली मारामारी बरोबरीत चालली होती. कॉक्रेनने वजीर बी३ला आणला. तिथून सी४, डी५, ई६ अशा घरांवरून थेट काळ्या राजाच्या अंगणातल्या एफ७च्या प्याद्यापर्यंत त्याची नजर पोहोचत होती. मग त्याने हत्ती सी५ला आणि तिथून बी५ला नेऊन काळ्या वजिराला मागे हाकललं. सतराव्या चालीला घोडा जी५ला उडी मारून आला. बॅनर्जींनी ई२वरचा उंट मारला. एक मोहरा मिळतोय तर घ्यावा, हा साधा हिशेब. अठराव्या चालीला कॉक्रेनच्या घोड्याने एफ७चं प्यादं उचललं. बॅनर्जींनी आपला घोडा ए५ला नेऊन पांढऱ्या वजिरावर मारा केला, आणि डावाची नोंद इथेच संपते, कारण आता तीन चालींत मात आहे. घोडा एफ७वरून एच६ला जातो. घोडा हलल्याबरोबर वजिराचा कर्ण उघडतो, म्हणजे राजाला एकाच वेळी घोड्याचा आणि वजिराचा असा दुहेरी शह बसतो. दुहेरी शहाला मोहरा मारून किंवा मध्ये मोहरा घालून उत्तर देता येत नाही, राजाच हलवावा लागतो. राजा एच८च्या कोपऱ्यात जातो. पांढरा वजीर जी८ला जाऊन राजाला भिडतो आणि स्वतःचा बळी देतो. त्याला हत्तीने मारावंच लागतं. आता काळ्या राजाच्या भोवती त्याचाच हत्ती, त्याचाच उंट आणि त्याचंच प्यादं. घोडा परत एफ७ला येतो आणि मात. राजा कोपऱ्याऐवजी एफ८ला गेला असता तर वजिरानेच एफ७ला मात दिली असती.

या एका डावात वजिराच्या प्याद्याच्या सुरुवातीचं सगळं व्याकरण सापडतं. सुरुवातीचं बल मध्यभागात, मधल्या टप्प्यात एका दूरच्या कर्णावर शांतपणे साठवलेला दाब, आणि शेवट इतका झटपट की मारलेल्या उंटाचा काही उपयोग नाही. हरले तरी बॅनर्जींचं नाव राहिलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात युरोपातल्या नव्या विचाराच्या खेळाडूंनी जेव्हा मध्यभाग दुरून रोखण्याचं तत्त्व मांडलं तेव्हा या मांडण्यांना ‘इंडियन’ हे विशेषण चिकटलं, आणि त्यामागे कॉक्रेनने जपून ठेवलेले हेच डाव होते.

देशी नियमांतून आलेल्या आणखी एका खेळाडूने ही सुरुवात स्पर्धेत वापरून जगाला थक्क केलं. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा मीर सुलतान खान. जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस १९२६च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नियम शिकला, १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याची गाठ पडली क्यूबाच्या होझे राउल कापाब्लांकाशी, १९२१ ते १९२७ या काळातल्या जगज्जेत्याशी.

सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. पहिली चाल घोड्याची, दुसऱ्या चालीला वजिरापुढचं प्यादं, तिसऱ्याला सी४. कापाब्लांकाने क्वीन्स इंडियन निवडला, म्हणजे भारतीय म्हणवली जाणारी मांडणी क्यूबाच्या खेळाडूकडे आणि तिच्याशी झुंजणारा खेळाडू भारतातला. सतराव्या-अठराव्या चालीपर्यंत मध्यभाग प्याद्यांनी गच्च बंद झाला. एकच स्तंभ उघडा होता, सी. कापाब्लांकाने आपले दोन्ही हत्ती त्यावर दुहेरी लावले आणि एकविसाव्या चालीला पहिला हत्ती थेट सी१ला नेऊन शह दिला. पुढच्या चालीला दुसरा हत्ती सी२ला. त्याचा बेत सुलतान खानचा वजीर जिंकण्याचा होता, आणि वजीर त्याला मिळालाही. पण त्या बदल्यात त्याचे दोन्ही हत्ती गेले.

कागदावर हा सौदा जवळजवळ बरोबरीचा. पटावर नव्हता. वजिराचं बळ मोकळ्या वाटांवर अवलंबून असतं, आणि इथे वाटा बंद होत्या. सी स्तंभ आता पांढऱ्या हत्तींच्या ताब्यात आला. कापाब्लांकाचा वजीर एच३, एच४, पुन्हा एच३ असा घुटमळत राहिला, कारण त्याला घुसायला एकही भोक नव्हतं. सुलतान खानला कसलीच घाई नव्हती. त्याने आपला राजा मधल्या धोक्यातून हळूहळू ए आणि बी स्तंभांकडे नेला, हत्ती एकामागे एक लावले, ए आणि बी प्यादी पुढे सरकवली. चाळीस चाली, पन्नास चाली. त्रेपन्नाव्या चालीला त्याचा हत्ती सी६ला घुसला. मग बी६वरचं प्यादं पडलं, त्याच्या जागी त्याचं स्वतःचं बी प्यादं पुढे धावलं, आणि पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला. त्या स्पर्धेत माक्स ऑयवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. २०२४ साली, मृत्यूनंतर अनेक दशकांनी, जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला. फार उशीर झाला, पण झालं हे बरं.

कापाब्लांकासारख्याला वजिराच्या प्याद्याचे डाव अपरिचित होते असं अजिबात नाही. १९२७ साली बुएनोस आयरेसला त्याने अलेखीनविरुद्ध जगज्जेतेपद गमावलं त्या लढतीत ३४ डाव झाले आणि त्यातले ३२ एकाच सुरुवातीचे होते: नाकारलेला क्वीन्स गॅम्बिट. दोन सर्वश्रेष्ठ खेळाडू जवळजवळ अडीच महिने त्याच त्या स्थितीकडे परत परत येत राहिले. एवढी खोली त्या प्याद्यांच्या रचनेत आहे.

भारतात देशी नियमांकडून आंतरराष्ट्रीय नियमांकडे येण्याचा प्रवास त्यानंतरही बरीच वर्षं चालू होता. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. पुढे मॅन्युएल ॲरन यांनी एका पिढीला नवे नियम आणि नवी पुस्तकं यांची सवय लावली. महाराष्ट्रात प्रवीण ठिपसे १९९७ साली, तर पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले; देशाचे अनुक्रमे तिसरे आणि चौथे. कुंटे यांचं नाव इथे आणखी एका कारणाने घ्यायला हवं. २०२४च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते, आणि त्याच संघात तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ गुण मिळवून दिव्याने वैयक्तिक सुवर्णही जिंकलं.

विश्वनाथन आनंदची गोष्ट या विषयाला आणखी एक वळण देते. कारकिर्दीतला बराच काळ तो ई४चा खेळाडू म्हणून ओळखला जायचा. २००८ साली बॉनला व्लादिमिर क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तो पांढऱ्या मोहऱ्या घेऊन बसला आणि त्याने डी४ खेळून प्रतिस्पर्ध्याची सगळी तयारी उलटीपालटी केली. सहावा डाव त्याने असाच जिंकला. पण त्याआधीचे दोन विजय, तिसऱ्या आणि पाचव्या डावातले, काळ्या मोहऱ्यांचे होते, आणि त्या दोन्ही डावांत डी४ खेळणारा क्रामनिक होता. २०१० साली सोफियात व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्ध हेच पुन्हा दिसलं. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली होती, म्हणून आनंदला फ्रँकफर्टहून सोफियापर्यंत रस्त्याने जावं लागलं. पहिला डाव तो हरला. चौथ्या डावात त्याने पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलान खेळला, म्हणजे डी४, सी४ आणि उंट जी२च्या घरात. तेविसाव्या चालीला त्याने घोडा एच६वर बळी दिला आणि बत्तिसाव्या चालीला टोपालोव्हने डाव सोडला. बाराव्या, शेवटच्या डावात गुण समसमान होते. आता डी४ खेळला टोपालोव्ह; आनंदने काळ्या मोहऱ्यांनी क्वीन्स गॅम्बिट नाकारला, आणि जिंकून जगज्जेतेपद राखलं.

म्हणजे वजिराच्या प्याद्याची सुरुवात ज्याला खरोखर कळली तो ती दोन्ही बाजूंनी खेळू शकतो. पांढऱ्याला काय हवंय हे ज्याला ठाऊक, त्यालाच काळ्याने काय द्यायचं नाही हे ठाऊक असतं.

बाटुमीची अंतिम लढत याच दृष्टीने पाहावी. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पहिल्या डावात दिव्याच्या डी४ आणि सी४ला हंपीने प्यादं मारून उत्तर दिलं, म्हणजे स्वीकारलेला क्वीन्स गॅम्बिट. दिव्याने लवकरच वरचष्मा मिळवला, पण तो टिकला नाही आणि डाव बरोबरीत सुटला. दुसराही डाव बरोबरीत. मग दुसऱ्या दिवशी जलद डाव, प्रत्येकी १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात पांढऱ्या मोहऱ्या हंपीकडे आणि पटावर कॅटलान, आनंदने सोफियात जिंकलेली तीच मांडणी. हंपीने प्यादी सोडून खेळ खुला करायचा प्रयत्न केला, घड्याळावरचा वेळ कमी होत गेला, चुका दोन्हीकडून झाल्या, आणि शेवटच्या टप्प्यात हंपीची चूक महागात पडली. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी १९ वर्षांची मुलगी अडीच-दीडने विश्वचषक जिंकली आणि कँडिडेट्स स्पर्धेसाठी पात्र ठरली.

भंडारा जिल्ह्यात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला यातून उचलण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी महागड्या शिकवणीची गरज पहिल्या टप्प्यात तरी नाही. सुरुवातीच्या चाली पाठ करण्यात सगळा वेळ घालवू नये. लंडन पद्धत, म्हणजे डी४ नंतर उंट एफ४, मग ई३ आणि सी३, शाळांतून फार खेळली जाते कारण समोरचा काहीही खेळला तरी मांडणी तीच राहते. ती वाईट नाही. २०२३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहावा डाव याच पद्धतीने जिंकला होता. पण फक्त तेवढंच खेळणारा खेळाडू प्याद्यांच्या एकाच रचनेत अडकून राहतो.

त्यापेक्षा क्वीन्स गॅम्बिटमधली एक रचना घेऊन बसावं. पांढऱ्याने सी प्याद्याने डी५वर मारलं आणि काळ्याने ई प्याद्याने परत मारलं की वजिराच्या बाजूला पांढऱ्याची ए आणि बी अशी दोन प्यादी उरतात, काळ्याची ए, बी आणि सी अशी तीन. वाटतं की तिथे काळा बलवान. पांढरा मात्र बी४, मग बी५ असं कमी असलेलं बळच पुढे रेटतो. बी५ला पोहोचलेल्या प्याद्याने सी६वर मारामारी केली की काळ्याच्या सी६ला एक एकटं, मागासलेलं प्यादं उरतं, आणि पांढरे हत्ती अर्ध्या उघड्या सी स्तंभावरून त्याच्यावर दबाव धरतात. काळ्याचं उत्तर राजाच्या बाजूला असतं: घोडा ई४ला बसवायचा आणि तिथून हल्ला उभारायचा. ही दोन्ही बाजूंची योजना घरी एका मित्राबरोबर, मोहऱ्या अदलून-बदलून खेळून पाहावी. एकदा पांढऱ्याने सी६ची कोंडी करावी, एकदा काळ्याने ई४चा घोडा बसवावा.

आणि बाटुमीचे डाव चालींसकट इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. मोबाइलवर डाव कोणाकडे झुकलाय हे दाखवणारा संगणकाचा काटा बंद ठेवून ते पटावर मांडावेत, प्रत्येक वेळी पुढची चाल आधी स्वतः ठरवावी आणि मग पाहावी. सुरुवात अंतिम लढतीतल्या पहिल्या डावापासून करावी. दिव्याने मिळवलेला वरचष्मा कोणत्या चालींपाशी हातून निसटला, ते काटा न पाहता शोधायचा प्रयत्न करावा.